स्नेहसंमेलनात 'आफ्रिकन डान्स' बसवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शाळाशाळांतून स्नेहसंमेलनं बसवणारे शिक्षक, नृत्यदिग्दर्शक आणि ड्रेपरीवाले यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात पुण्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेले होते. माझी नात तिथे चौथीत आहे. बरोबर एक पाहुणी होती. घानातल्या कुमासी शहरातून पुण्यात शिकायला आलेली ही मुलगी आमच्याच सोसायटीत भाड्याने राहते. शाळेचा कार्यक्रम आहे, चल, असं म्हटल्यावर ती तिच्या घरच्या रीतीप्रमाणे नटून आली. निळ्या-पिवळ्या छापाच्या कापडाचा काबा, म्हणजे अंगासरसा शिवलेला झंपर, त्याच कापडाचा स्लिट, म्हणजे पायघोळ स्कर्ट, आणि उरलेला कापडाचा तुकडा घडी घालून खांद्यावर. फाटकावरच्या मावशींनी तिला थांबवलं, कापडाला हात लावून पाहिला आणि "कसलं देखणं आहे गं" असं मराठीतच तिला सांगितलं. तिला ते कळलं.

नवव्या क्रमांकाला 'आफ्रिकन डान्स' होता. बारा मुलगे रंगमंचावर आले. अंगाला काळा रंग, ओठांभोवती पांढरा, कमरेला हिरव्या क्रेप कागदाची पानं, गळ्यात थर्माकोलची हाडं, हातात पुठ्ठ्याचे भाले. मागे ढोल आणि 'झिंगालाला'. सभागृहात हशा पिकला. मुलं नाचली मात्र जीव तोडून. नाच संपल्यावर तिने टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या मुलांसाठी होत्या. परतताना रिक्षात बराच वेळ ती गप्प होती. मग तिने एवढंच विचारलं, "आंटी, त्यांना कपडे का नव्हते?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुमच्यावर दोषारोप करायला मी बसलेले नाही. मी स्वतः पाचवीत असताना असाच नाच केला आहे. बाईंनी तव्याची काजळी खोबरेल तेलात कालवून आमच्या अंगाला फासली होती आणि आंब्याच्या डहाळ्या कमरेला बांधल्या होत्या. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. आमच्या बाई प्रेमळ होत्या, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी आफ्रिका पाहिलेली नव्हती, सिनेमात दाखवतात तेवढीच त्यांना ठाऊक होती. पुढे यजमानांच्या नोकरीमुळे मला नऊ वर्षं कुमासीत राहायला मिळालं. तिथे जे शिकले ते तुमच्यापर्यंत पोचवलं नाही, तर ती काजळी माझ्या अंगावर तशीच राहील असं वाटतं.

कुमासीत पोचून महिना झाला असेल. शेजारच्या नानांचे थोरले भाऊ वारले. (तिथे 'नाना' हा शब्द आजीलाही लागतो आणि आजोबांनाही. आमच्या नाना म्हणजे सत्तरीच्या आजीबाई.) घानात अंत्यविधीचा मोठा कार्यक्रम बहुतेक शनिवारी असतो आणि त्याला अख्खी पंचक्रोशी लोटते. मळकं नको, नीटनेटकं असावं, या विचाराने मी जरीकाठाची पिवळी साडी नेसून गेले. मांडवाच्या तोंडाशीच नानांनी मला पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. स्वतःच्या खांद्यावरचं काळं कापड काढून त्यांनी ते मला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत लपेटलं आणि हाताला धरून शेजारी बसवून घेतलं.

मग तासभर त्यांनी मला समोरची गर्दी वाचून दाखवली. लाल नेसलेली ती जवळची माणसं, दुःख सगळ्यात ताजं त्यांचं. काळं नेसलेले ते नातेवाईक आणि शेजारी. कोपऱ्यातल्या एका बाईंच्या अंगावर काळ्यावर पांढरी नक्षी होती. त्या दुसऱ्या एका घरचा विधी उरकून इकडे आल्या होत्या. तिथे नव्वदीची म्हातारी गेली होती, आणि भरल्या वयात माणूस गेलं की काळ्यात पांढरं मिसळतं, कारण तिथे रडण्याबरोबर देवाचे आभारही मानायचे असतात. उद्या रविवारी चर्चला जाताना आपण पांढरं घालायचं, हेही त्यांनी सांगून ठेवलं. त्या दिवशी मला कळलं, या गावात कोणाला काही विचारायच्या आधी त्याच्या अंगावरचं कापड पाहायचं.

कुमासीजवळच न्तोन्सो नावाचं गाव आहे. शोकाचं आदिन्क्रा कापड तिथे होतं. बाडिए नावाच्या झाडाची साल दिवसचे दिवस उकळून काळा, डांबरासारखा दाट रंग काढतात. वाळलेल्या भोपळ्याच्या कवटीचे तुकडे कोरून ठसे करतात, त्यांना काड्यांची मूठ बांधतात आणि जमिनीवर ताणलेल्या कापडावर एकेक ठसा उमटवत जातात. प्रत्येक ठशाला नाव आहे आणि नावामागे म्हण आहे. 'ज्ये न्यामे' म्हणजे देवाखेरीज कोणाला भ्यायचं नाही. मान वळवून मागे पाहणारा पक्षी म्हणजे 'सान्कोफा', मागे राहिलं ते परत जाऊन घेऊन ये. 'आदिन्क्रा' या शब्दाचा अर्थच निरोप असा लावतात. ब्रिटिश म्युझियममध्ये असं एक कापड आहे, ते १८१७ साली कुमासीहून नेलेलं. इकडे पेशवाई संपायला एक वर्ष उरलं होतं, तेव्हा तिकडची माणसं मेलेल्याला निरोप देताना म्हणी छापलेलं वस्त्र पांघरत होती. आपण त्यांच्या नातवंडा-पतवंडांना क्रेप कागद गुंडाळतो.

आता केंटे या हातमागाच्या कापडाबद्दल. याबद्दल मी थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्यापैकी कोणी एकच गोष्ट लक्षात ठेवणार असेल तर ही ठेवावी.

कुमासीपासून वीसेक किलोमीटरवर बोन्विरे हे विणकरांचं गाव. केंटेचा माग आपल्या येवल्या-पैठणच्या मागासारखा रुंद नसतो. त्यावर जेमतेम अर्ध्या वितीची पट्टी विणली जाते. ताणा विणकराच्या समोर कित्येक हात लांब पसरलेला असतो आणि त्याच्या टोकाला फळीवर दगड ठेवलेला असतो. विणणं पुढे सरकतं तशी ती फळी जमिनीवरून घसरत जवळ येते. पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी धरून विणकर ताण्याचे धागे वरखाली करतो, हात धोटा फेकत असतात. अशा लांबच लांब पट्ट्या झाल्या की त्या तोडून एकमेकींना शेजारी शेजारी शिवतात. पुरुषाच्या एका मोठ्या वस्त्राला अशा चोवीसेक पट्ट्या लागतात. पट्टी विणतानाच विणकराच्या डोक्यात पूर्ण वस्त्र असावं लागतं, कारण एका पट्टीतला चौकोन शेजारच्या पट्टीतल्या चौकोनाशी जुळला नाही तर सगळी मेहनत वाया. मी एका विणकराला विचारलं, कागदावर काढून घेता का? त्याने मान हलवली आणि कपाळावर बोट टेकवलं.

बोन्विरेत सांगतात की दोघा भावांनी जंगलात कोळ्याला जाळं विणताना पाहिलं आणि त्याच्याकडून ही विद्या घेतली. पूर्वेकडचे एवे लोक म्हणतात, विद्या मूळची आमची. त्यांच्या विणकामात माणसं, प्राणी, हात, बसायची आसनं अशी चित्रंही येतात. हा वाद मी सोडवणार नाही. दोन्हीकडचं कापड पाहिलं की दोघांनाही मान द्यावासा वाटतो. अठराव्या शतकात कुमासीवर राज्य करणाऱ्या असांते राजांच्या विणकरांना रेशमी धागा हवा होता. तो तिथे पिकत नव्हता. मग परदेशातून आलेलं तयार रेशमी कापड उसवून, त्याचा धागा धागा मोकळा करून, त्यातून त्यांनी स्वतःचं वस्त्र विणलं. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने केंटे विणण्याच्या या कारागिरीचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

प्रत्येक केंटेला नाव असतं. एका प्रकाराचं नाव 'आद्विनासा'. विणकराला येत होत्या तेवढ्या सगळ्या नक्षी त्यात विणून झाल्या, आता हातात काही उरलं नाही, असा त्याचा अर्थ. आणखी एका कापडाची गोष्ट तर प्रत्येक इतिहासाच्या शिक्षकाला ठाऊक असावी. घानाचे पहिले पंतप्रधान क्वामे न्क्रुमाह यांनी १९५७ च्या अखेरीस इजिप्तच्या फाथिया यांच्याशी लग्न केलं. विणकरांनी एका केंटेला नाव दिलं 'फाथिया फाता न्क्रुमाह', म्हणजे फाथिया न्क्रुमाहला शोभते. पुढे न्क्रुमाह यांची सत्ता एकहाती होत गेली, विरोधक तुरुंगात गेले, आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये लष्कराने त्यांना पदच्युत केलं. कापड तेच राहिलं, त्यातला एक धागाही बदलला नाही. नाव मात्र बदललं. आता ते झालं 'ओबाकोफो म्मु मान', एकट्याने राज्य चालत नसतं. वर्तमानपत्रांनी अग्रलेखात लिहावं ते त्या लोकांनी कापडाच्या नावात लिहिलं, आणि माणसं ते अंगावर घेऊन फिरली.

पुरुष हे वस्त्र डाव्या खांद्यावरून घेतात, उजवा खांदा उघडा ठेवतात. गावच्या प्रमुखासमोर जाताना ते खांद्यावरून खाली उतरवतात आणि पाय वहाणांतून बाहेर काढतात. देवळाच्या पायरीशी चप्पल काढणाऱ्या आपल्या लोकांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

आणखी एक प्रसंग न्क्रुमाहांचाच. ६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री राजधानी अक्राच्या ओल्ड पोलो ग्राउंडवर त्यांनी घानाच्या स्वातंत्र्याची घोषणा केली तेव्हा अंगात सूटबूट नव्हता, केंटेही नव्हतं. उत्तर घानातल्या शेतकऱ्यांचा जाड्याभरड्या पट्ट्यांचा सदरा होता, फुगू किंवा बाताकारी म्हणतात तो. डोक्यावर टोपी, आणि टोपीवर 'पी. जी.' ही अक्षरं, म्हणजे प्रिझन ग्रॅज्युएट, तुरुंगातून पदवी घेतलेला. न्क्रुमाह दक्षिणेतले. उत्तरेचा गरीब मुलूख नव्या देशात मागे पडू नये हे त्यांना पहिल्याच रात्री सांगायचं होतं, असा या सदऱ्याचा अर्थ तिथले लोक लावतात आणि मलाही तो पटतो. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावर मात्र ते केंटे नेसून गेले. कोणत्या दाराशी कोणतं कापड, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

हे झालं राजांचं आणि पुढाऱ्यांचं. कुमासीच्या बाजारात मी ज्या कापडात गुरफटले ते रोजचं, छापाचं. तिथे ते बारा वार, सहा वार असं विकतात. सहा वारांत काबा, स्लिट आणि खांद्यावरचा तुकडा, तिन्ही होतात. दुकानदारीणबाईंना मी सांगितलं की आमच्याकडे बायका सहा वार न शिवताच अंगावर नेसतात, तेव्हा त्यांनी माझ्याकडून बाजारातच साडी नेसून घेतली आणि पलीकडच्या गाळ्यांतल्या चौघींना हाका मारून बोलावलं.

या छापांनाही नावं असतात, आणि ती गिरणी देत नाही. बाजारातल्या विकणाऱ्या बायका देतात. एकाचं नाव 'सिका वो न्ताबान', पैशाला पंख असतात. एकाचं 'आह्वेने पा न्कासा', चांगले मणी आवाज करत नाहीत. ऐकल्याबरोबर मला आपल्या उथळ पाण्याचा खळखळाट आठवला. सवतीला, सासूला, बाहेरख्याली नवऱ्याला जे तोंडाने बोलता येत नाही ते बाई योग्य नावाचं कापड नेसून बोलते. बाकी सगळं गावाला समजतं. लग्नात वराकडून वधूला अशी कापडं ट्रंक भरून येतात. ती सगळी काही ती शिवत नाही. अडीनडीला विकता येतात, मुलीला देता येतात. आमच्या नानांच्या पलंगाखाली दोन ट्रंका होत्या. कोणतं कापड कोणत्या मुलीचं, हे त्यांनी सांगून ठेवलं होतं.

कोणी जाणकार इथे मला अडवेल. तो म्हणेल, हे मेणाच्या छापाचं कापड मुळात तिथलं नाहीच. खरं आहे. जावा बेटावरच्या बाटिकची नक्कल डच लोकांनी यंत्रावर केली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर खपू लागली. हॉलंडमधल्या हेलमंड गावची १८४६ साली स्थापन झालेली कंपनी आजही ते छापते. पण टोगोच्या लोमे शहरातल्या बायकांनी या कापडाचा व्यापार असा काही हातात घेतला की त्यांच्या मर्सिडीझ गाड्यांवरून लोक त्यांना 'नाना बेंझ' म्हणू लागले. कोणता रंग चालेल, कोणती नक्षी, हे त्या ठरवत. मिरची पोर्तुगीजांनी आणली म्हणून ठेचा परका होत नाही. नाव ज्यांनी दिलं, अर्थ ज्यांनी भरला, कापड त्यांचं.

आतापर्यंत एकाच देशाबद्दल बोलले, कारण तिथे राहिले. 'आफ्रिकन' हा शब्द तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत छापता तेव्हा त्यात पन्नासाहून जास्त देश येतात. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार सांभाळणारा मलिक अंबर आफ्रिकेतलाच, पण तो आला इथिओपियातून, म्हणजे दुसऱ्या टोकाकडून. कुमासीच्या माणसाला तो मुलूख आपल्याला मंगोलिया असेल तितका लांबचा.

घानाच्या शेजारपाजारचंही थोडं सांगते. नायजेरियातल्या आबेओकुता शहराच्या बायका आदिरे करतात. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याचीच खळ शिजवून, कोंबडीच्या पिसाने ती कापडावर रेखाटतात आणि कापड निळीत बुडवतात. खळ लागली तिथे निळा चढत नाही. एका नक्षीचं नाव 'इबादानदुन', इबादान शहर गोड आहे. त्यात त्या शहरातल्या मापो हॉलचे खांब ओळीने उभे असतात. तिथल्याच योरुबा लोकांतल्या पुरुषांचा आग्बादा हा घोळदार झगा तुम्ही फोटोत पाहिला असेल. त्याच्या बाह्या इतक्या रुंद की चालताना सारख्या खांद्यावर सावरून घ्याव्या लागतात, आणि ते सावरणं हीच त्यातली ऐट. बायकांच्या डोक्यावरचं फडकं, त्याला 'गेले' म्हणतात, ते बांधणं ही तर स्वतंत्र कला आहे. लग्नात दोन्हीकडचे लोक ठरवून एकाच कापडाचे कपडे शिवतात, त्याला 'असो एबी' म्हणतात, म्हणजे घरच्यांचं कापड. खर्च फार होतो म्हणून लोक कुरकुरतात आणि तरी शिवतात. योरुबात एक म्हण आहे: माणसं हेच माझं वस्त्र.

मालीत बामाना बायका चिखलाने कापड रंगवतात, ते बोगोलान. आधी कापड झाडपाल्याच्या काढ्यात भिजवून पिवळं करतात. मग मडक्यात महिनोन्‌महिने मुरवलेला तळ्याचा चिखल त्यावर लावतात. पाल्यातला तुरट अंश आणि चिखलातलं लोह यांचा संयोग होऊन काळा रंग पक्का बसतो. आपल्याकडे कलमकारीत हिरडा आणि लोखंडाचं पाणी वापरून काळा काढतात, तीच विद्या. शिकारी हे कापड अंगरखा म्हणून घालत, वयात आलेल्या मुलींना त्यात गुंडाळत, संकटापासून राखण व्हावी म्हणून. विज्ञानाच्या शिक्षकांनी या एका कापडावर अख्खा तास घ्यावा. मालीतच बांदियागाराच्या कड्यातल्या गुहांत तेल्लेम लोकांची सुती कापडं सापडली. त्यातली सगळ्यात जुनी अकराव्या शतकातली, ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्याही दोनेकशे वर्षं आधीची.

आणि बुर्किना फासो. १९८३ ते १९८७ या चार वर्षांत राष्ट्राध्यक्ष थॉमस सांकारा यांनी तिथे सरकारी नोकरांना 'फासो दान फानी' घालायला लावलं. देशात पिकलेल्या कापसाचं, देशातल्या बायकांनी विणलेलं कापड. खादीच्या देशात जन्मलेल्या माणसाला हे दोन वाक्यांत कळतं.

एक धागा आपल्या देशातूनही गेला आहे आणि त्याची दुसरी बाजू काळी आहे. नायजेरियाच्या नदीमुखाशी राहणारे कालाबारी लोक चौकड्यांच्या एका सुती कापडाला 'इंजिरी' म्हणतात. ते दक्षिण भारतात विणलं जायचं आणि 'रिअल मद्रास हँडकरचीफ' या नावाने तिकडे जायचं. कालाबारी बायका त्यातले ठराविक धागे सुईने उचलून पात्याने कापतात आणि त्या चौकड्यांतून नवीनच नक्षी काढतात. म्हणजे आपलं कापड त्यांनी आणखी देखणं केलं. पण गुजरात आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरचं कापड युरोपच्या कंपन्यांनी पश्चिम आफ्रिकेत नेलं ते बरेचदा माणसं विकत घ्यायला. आपल्या मागांवरच्या कापडाच्या बदल्यात त्या किनाऱ्यावरून माणसं जहाजात कोंबली गेली. आपल्या विणकरांना ते ठाऊक नसणार. आज आपल्याला ठाऊक आहे. ज्यांना कापडाच्या मोलाने मोजलं, त्यांनाच आपण विनाकपड्याचे म्हणून मुलांपुढे उभे करतो, याचा मला फार त्रास होतो.

तुम्ही म्हणाल, पानांचे पोशाख आफ्रिकेत कुठेच नाहीत का? आहेत. बुर्किना फासोमधले ब्वा लोक ठराविक विधीला वेली-पानांचे मुखवटे घालतात. पण त्यात डोक्यापासून पायापर्यंत माणूस पूर्ण झाकलेला असतो, कातडी दिसत नाही, कारण त्या वेळी तो माणूस नसतोच, रानाचा देव असतो. आपल्याकडे अंगात आलेल्या देवाची कोणी टिंगल करत नाही. योरुबांच्या एगुंगुनमध्ये तर पूर्वज येतो तो कापडाच्या थरांवर थर लेवून. घरातली माणसं वर्षानुवर्षं त्यात भारी भारी तुकडे जोडत राहतात. तो गिरकी घेतो तेव्हा पट्ट्या फिरून वारा सुटतो, आणि त्या वाऱ्याला आशीर्वाद मानतात.

आता मागणं.

शिक्षकांनो, कार्यक्रमपत्रिकेत 'आफ्रिकन डान्स' लिहू नका. देशाचं नाव लिहा, लोकांचं नाव लिहा. घाना, असांते लोक, आदोवा नृत्य. निवेदन करणाऱ्या मुलीला चार वाक्यं द्या, कापडाचं नाव काय आणि अर्थ काय. प्रेक्षक ऐकतात. गंमत हवी म्हणून हशा पिकवणं गरजेचं नाही.

नृत्यदिग्दर्शकांनो, आदोवा शिका. यूट्यूबवर भरपूर सापडेल. त्यात उड्या नाहीत. पावलं छोटी, गुडघे जरा वाकलेले, आणि बोलतात ते हात. तळहात उपडा, तळहात उताणा, दोन्ही हात डोक्यावर, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. तुमच्यापैकी ज्यांनी भरतनाट्यम किंवा कथक शिकलं आहे त्यांना हस्तांचं मोल मी काय सांगणार? मुलींना काबा नाही शिवला तरी चालेल, अंगाभोवती लपेटलेलं कापड आणि डोक्याला रुमाल पुरे. उड्याच हव्यात, मुलग्यांना दम लावायचा आहे, तर 'गा' नावाच्या लोकांचं क्पान्लोगो हे नृत्य घ्या. अक्रातल्या तरुणांनी ते १९६० च्या सुमारास काढलं. त्यात मुलं घामाघूम होतील.

ड्रेपरीवाल्यांनो, तुमच्याकडे माझी विनंती सगळ्यात कळकळीची आहे, कारण शेवटी मुलाच्या अंगावर काय चढतं ते तुमच्या पेटाऱ्यात काय आहे त्यावर ठरतं. पाल्याचे घागरे, हाडांच्या माळा आणि काळ्या रंगाचे डबे काढून टाका. कोणाच्या कातडीचा रंग हा पोशाख नसतो. त्याऐवजी दहा-बारा छापील सुती कापडं ठेवा, मोठ्या नक्षीची, गडद निळी, हिरवी, पिवळी, प्रत्येकी चारेक मीटर. एक-दोन घोळदार झगे शिवून घ्या, शिंप्याला फोटो दाखवला की तो शिवेल. केंटेची छापील नक्कल मात्र हातमागाच्या नावाने देऊ नका. 'नक्षी केंटेची, कापड छापील' असं सरळ सांगा. पैठणीच्या नावाखाली यंत्रमागाचं कापड खपवतात तेव्हा येवल्याच्या विणकराच्या पोटात काय कालवतं, ते तुम्ही या धंद्यात राहून ऐकलंच असेल.

कुमासीत माझी मुलगी ज्या शाळेत होती तिथे एका वर्षी देशोदेशींचे पोशाख असा कार्यक्रम ठरला. तिच्या वर्गशिक्षिका संध्याकाळी वही घेऊन आमच्या घरी आल्या. साडी म्हणजे नेमकं काय, तुमच्या गावाची कोणती, लहान मुली नेसतात का, कुंकू कोणी लावायचं, असं एकेक विचारून लिहून घेतलं. मी त्यांना नऊवारी दाखवली. त्या तीनदा आल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी काष्टा स्वतः घालून पाहिला आणि त्यात पावलं टाकता येतात का ते आमच्या ओसरीवर चालून तपासलं. कार्यक्रमाच्या दिवशी सहा घानाई मुली नऊवारीत रंगमंचावर आल्या तेव्हा निवेदनात 'महाराष्ट्र' हा शब्द होता, नुसता 'इंडिया' नव्हता. कपाळाला काही फासलेलं नव्हतं, चंद्रकोर होती. माझ्याच टिकल्यांच्या पाकिटातली.

त्या शिक्षिकांनी घेतले तेवढेच कष्ट तुम्ही घ्या, एवढंच मागते आहे.

माझ्याकडे तीन छापील कापडं आहेत, एक आदिन्क्रा आहे (ते मात्र शोकाचं, रंगमंचावर आणायचं नाही, वर्गात दाखवायला चालेल) आणि केंटेची एक सुटी पट्टी आहे. नानांनी निघताना दिलेली. ती सोडून बाकी सगळं मी तालमीला द्यायला तयार आहे. रिक्षात प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीलाही मी विचारलं. ती म्हणाली, परीक्षा नसेल त्या रविवारी येईन, कापड कसं लपेटायचं आणि आदोवाचे पहिले हात कसे, ते दाखवीन. मुलग्यांचं कापड डाव्या खांद्यावरून घसरतं, सवय नसली की फारच. तिथली पोरं ते कोपराने धरून ठेवायला लहानपणीच शिकतात. आपल्या मुलांसाठी सेफ्टी पिना लागतील, त्या मी आणते. तुमच्या तालमी दिवाळीनंतर सुरू होतात. त्याआधी कळवा.

आपली,
नऊ वर्षं कुमासीत राहून आलेली एक आजी